सबग्रेड (रस्त्याचा मातीचा पाया)

खडी व डांबराच्या थरांखालचा, दबाई केलेल्या मातीचा थर. वाहनांचा भार अखेर तोच पेलतो. भारतात महामार्गांसाठी त्याची जाडी साधारणपणे 50 सेंमी. असते.

दबाईने मातीतील हवा बाहेर जाते व कण एकमेकांलगत बसतात. त्यासाठी पाणी बेताचे हवे : कमी पडल्यास कण सरकत नाहीत, जास्त झाल्यास पाणीच जागा अडवते. हा योग्य ओलावा आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडलेल्या चाचणीने ठरवतात. माती पातळ थरांत पसरून व्हायब्रेटरी रोलरने दाबतात. महामार्गाच्या सबग्रेडला प्रयोगशाळेतील कमाल शुष्क घनतेच्या किमान 97 टक्के घनता लागते.

दमणगंगेकाठच्या सिल्वासा परिसरात (दादरा व नगर हवेली) बेसाल्टपासून बनलेली माती, जोरदार मोसमी पाऊस आणि कारखान्यांची अवजड वाहतूक एकत्र येत असल्याने हे काम कसोटीचे ठरते. बेसाल्टपासून बनणारी काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. म्हणून अशा ठिकाणी ती काढून मुरूम भरतात किंवा तिच्यात चुना मिसळतात. पाण्याच्या निचऱ्यासाठी बाजूला गटारे आवश्यक असतात. मातीची ताकद सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) चाचणीने तपासताना नमुना चार दिवस पाण्यात भिजवतात, कारण रस्त्याची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.