वाळूतली उजळणी

माझे आजोबा धूळपाटीवर शिकले. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचं, हाताने पुसायचं, पुन्हा गिरवायचं. मी स्वतः तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. म्हणून पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमन प्रवाशाची पत्रं वाचताना एका पानावर मी थांबले, ती बराच वेळ पुढे गेलेच नाही.

ही पत्रं नेपल्समधल्या मारिओ स्किपानो या वैद्य मित्राला लिहिलेली. पिएत्रोची बायको मानी १६२१ च्या अखेरीस इराणात वारली होती; मसाले भरून जपलेला तिचा देह रोमला न्यायचा, हा त्याचा पण. (१६२६ साली त्याने तो तडीस नेला.) मधल्या काळात तो गोव्यात आला आणि १६२३ च्या ऑक्टोबरात पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाकडे निघाला. सोबत नायकाचा वकील विठ्ठल शेणै. होनावरहून खाडीने गेरसोप्पा, मग घाट.

वाटेत सामान बांधून होईपर्यंत तो एका देवळाच्या ओसरीत थांबला. तिथे चार मुलं धडा पाठ करत होती. फरशीवर बारीक वाळू पसरलेली. एकाने सुरात एक ओळ म्हणायची आणि म्हणता म्हणता बोटाने तो आकडा वाळूत काढायचा. बाकीच्या तिघांनी मागोमाग तेच म्हणायचं, तेच काढायचं. जागा भरली की हाताने पुसायचं, पुढ्यातल्या ढिगातली मूठभर वाळू टाकायची. कागद वाया जात नाही आणि सुरामुळे धडा मनात खोल रुजतो, हे पिएत्रोने तिथल्या तिथे ओळखलं. गुरुजी जवळ नव्हते. चुकलात तर सांगणार कोण, असं त्याने विचारलं. मुलं म्हणाली, आम्ही चौघंही एकाच जागी कसे चुकू? हे उत्तर त्याला पटलं. मलाही पटतं, जोडीजोडीने पाढे म्हणवून घेताना माझा भरवसा याच गोष्टीवर असे.

दरबार, नजराणे, मिरीचा व्यापार यांची दखल घेणारे पुष्कळ होते. ओसरीतली उजळणी टिपून ठेवावी असं किती जणांना वाटलं असेल? आपल्याकडे ‘धुळाक्षरं’ हा शब्द उरला. ती गिरवणारा हात कसा फिरायचा, ते या पत्रात दिसतं.

त्याच इक्केरीत त्याला जक्कम्मा भेटली, एका ढोलवाल्याची विधवा. ती सती जाणार होती. त्याने तिला परोपरीने समजावलं. ती ऐकेना, तेव्हा तुझं नाव मी लिहून ठेवीन, असा त्याने तिला शब्द दिला. तो त्याने पाळला. ओसरीतल्या त्या चार मुलांची नावं मात्र पत्रात नाहीत.