झाड आपलं, पण चढतो कोण? कोकणातल्या झाडतोडीची तीनशे वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर.

रत्नागिरीत मे संपत आला की दोन घाया असतात. उरलेला हापूस उतरवायचा आणि कौलांवर आलेल्या फांद्या पावसाआधी उतरवायच्या. मग मुंबईहून गावी फोन जातो, "काका, परसातला फणस घरावर झुकलाय, कोणी माणूस मिळतो का बघा ना." काका कोणाला तरी सांगतात, तो कटर मशीन घेऊन येतो, दुपारपर्यंत काम आटोपतं.

एवढीच गोष्ट, असं वाटतं ना? पण या फोनमागे एक खूप जुना प्रश्न आहे: झाड तोडायचं तर कोणाला विचारून? आणि दुसरा एक प्रश्न आहे, जो कागदावर फारसा कधी आलाच नाही: झाडावर चढणाऱ्याचं काय?

आरमाराला लाकूड हवं होतं

शिवाजी महाराजांचं झाडांबद्दलचं म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतं, ते तुम्ही वाचलं असेल. त्यातला मजकूर येतो 'आज्ञापत्रा'तून. राज्यकारभाराचा हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांनी 1715-16 च्या सुमारास लिहिला, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी. महाराजांच्या काळात घडलेली धोरणं त्यात उतरली आहेत.

गंमत म्हणजे झाडांचा हा विषय येतो आरमाराच्या प्रकरणात. जहाज बांधायचं तर लाकूड लागणार. सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग हा सगळा किनारा जहाजांवर उभा होता. अमात्य सांगतात ते थोडक्यात असं: साग वगैरे लाकूड जंगलातून परवानगीने आणा, कमी पडलं तर बाहेरून विकत घ्या. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या उपयोगाचं आहे, पण त्याला हात लावू नका. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच तोडा.

म्हणजे बघा, तीन अटी झाल्या. झाडाची वेळ खरंच आली आहे का? मालक राजी आहे का? मोबदला दिला का? ही चेकलिस्ट आजही चालेल. पण यात राजा आहे, रयत आहे, झाड आहे. कुऱ्हाड चालवणारा माणूस मात्र दिसत नाही.

कवळ तोडणारे हात

तो माणूस कुठे होता? रानात, ऐन आणि किंजळावर चढलेला. कोकणात भाताचा तरवा करायच्या आधी जमीन भाजायची पद्धत आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या उतरवतात, त्याला म्हणतात कवळ. ती वाळवून, शेण-पातेऱ्यासोबत जमिनीवर पसरून जाळायची. कवळ तोडताना झाड मरता कामा नये, कारण पुढेही त्याच झाडावर यायचं असतं. कुठली फांदी घ्यायची, कुठली ठेवायची, पाय कुठे टेकायचा, कोयती कशी चालवायची, हे पोरं मोठ्यांकडे बघून शिकली. झाड छाटायचं हे शिक्षण कुठल्या कॉलेजात नव्हतं, आणि त्याचं सर्टिफिकेटही नव्हतं.

मग कायदा आला

स्वातंत्र्यानंतर 'कोणाला विचारून?' या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं. 1964 चा महाराष्ट्राचा झाडे तोडण्याबाबतचा कायदा सांगतो की यादीतली झाडं खासगी जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडायची नाहीत. यादीत आंबा आहे, फणस आहे, ऐन, किंजळ, साग, खैर, चिंच, जांभूळही आहे. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. त्यात परवानगीचं काम वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे रत्नागिरी शहरात नगरपरिषदेकडे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या शहरी झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला.

आणि मालक राजी हवा, ही जुनी अट? आपल्याकडे सातबारावर दहा नावं असतात. अर्धी पुण्या-मुंबईत, एखादं दुबईत. काकांनी होकार दिला म्हणजे सगळ्यांनी दिला असं होत नाही. एका फणसावरून भाऊबंदकी पेटलेली घरं तुमच्याही माहितीत असतील.

मशीनची उलटी गोष्ट

आता जरा कोकणाबाहेर जाऊ. ज्याला आपण कटर म्हणतो, त्या साखळी-करवतीचा पूर्वज झाडांसाठी नव्हताच! अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला साखळीची छोटी करवत वापरली. झाडांसाठीचं विजेवर चालणारं मशीन जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये आणलं.

पुढे अमेरिकेत ॲलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने अशाच करवतीने हजारो झाडं उभी चिरून आतून पाहिली. त्यांना दिसलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे वाढतं. म्हणून फांदी खोडाला अगदी घासून कापायची नाही, तिच्या मुळाशी असलेला फुगीर भाग शिल्लक ठेवायचा. लांब खुंटही ठेवायचा नाही, तो कुजतो. आणि सरसकट शेंडा उडवला तर नव्या फांद्या फुटतात खऱ्या, पण त्यांची पकड कच्ची असते, वाऱ्यात त्याच आधी मोडतात.

वारा म्हटलं की 3 जून 2020 आठवतो. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि दापोली-मंडणगडात आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. रस्त्यावर आणि छपरावर झाडं पडलेली असतात तेव्हा करवत चालवणारा माणूस किती मोलाचा, हे सगळ्यांना पटतं. पाणी ओसरलं की विसरतो.

पुढचा फोन करताना

नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने 2011 पासून शिडीयंत्राचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यांच्यासाठी विमा योजनाही आहे. आंबा-फणसावर चढणारा मात्र बहुतेक वेळा तोंडी बोलीवर, उक्त्याने काम करतो. कधी तर मजुरीच्या जागी "लाकूड तूच ने" एवढंच. मग परवानगी आणि वाहतूक पास नसला तर अडकतो तोच.

म्हणून पुढच्या वेळी "किती घेणार?" याच्या आधी विचारा: झाड तोडायलाच हवं, की दोन फांद्यांत भागेल? परवानगी आहे? सगळे हिस्सेदार राजी आहेत? जवळून वायर जाते, तर महावितरणला सांगून लाइट बंद केली आहे का? आणि चढणाऱ्याकडे दोर, पट्टा, हेल्मेट आहे का, खाली दोर धरायला दुसरा माणूस आहे का, विमा आहे का? यामुळे पाच-सात हजार जास्त मागितले तर ते द्या. तो पडला तर त्याचं घर पडतं, आणि त्याला बोलावणारे आपण असतो.

अमात्यांच्या तीन अटी तीनशे वर्षं टिकल्या. चौथी आपण घालायची आहे: चढलेला माणूस धडधाकट खाली उतरला पाहिजे.

तुमच्या गावात कवळ अजून तोडतात का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग त्या काकांना नक्की फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!