जिल्दीतली 'खबर'

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यातल्या एका रद्दीवाल्याने माझ्यासाठी एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. जाड पुठ्ठ्याची जिल्द, पाठीला लाल कापड, आत एका शाळेच्या वाचनालयाचा शिक्का. 'किर्लोस्कर खबर' या मासिकाचे वर्षभराचे अंक, किलोच्या भावाने विकलेले!

या मासिकाचा जन्म आपल्याच भागातला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभारला. लक्ष्मणरावही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पण काही रंग ओळखता येत नसल्याने त्यांची चित्रकला सुटली. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या बातम्या देणारं हे पत्र हळूहळू कथा, लेख आणि चित्रांचं मासिक झालं. पुढे त्याच वाडीतून 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) निघाली. नांगर तयार करणाऱ्या गावाने मराठी घरांना वाचायला लावलं.

हा गठ्ठा मी वर्गात नेला. नाव वाचून एक मुलगी म्हणाली, "सर, खबर तर आपला उर्दूचा शब्द!" मी म्हटलं, "बेटा, शब्द मूळचा अरबी. उर्दूचा आहे, तसा मराठीचाही. तुझी आजी 'खबरबात' म्हणतेच ना?" पुढे मासिकाच्या नावातून 'खबर' गेली, नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. पण लोकांच्या तोंडून हा शब्द गेला नाही. मराठी ही आपली भाषा आहे का, असा प्रश्न आपल्या मुलांना कुणी ना कुणी विचारतंच. त्यांच्या हातात ही जिल्द असली की उत्तर देणं सोपं जातं.

एक खंत मात्र राहते. जिल्द बांधताना बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. माझ्या गठ्ठ्यातही एकही मुखपृष्ठ नाही. लेख वाचले, पण त्या काळाचा चेहरा गेला.

तुमच्या माळ्यावर, मदरशात किंवा गावच्या वाचनालयात अशी जुनी मासिकं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. सुटे अंक असतील तर मुखपृष्ठासकट जपा. आपल्याही घरची एखादी खबर त्यात सापडेल.