पाऊस, दैव आणि मुलांचे प्रश्न

मावळातल्या मुलाला पावसाची ओळख करून द्यावी लागत नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस आठ कोसांवर वडगावास त्याच्या निम्माही नाही. हे मुलाला ठाऊक असते. पण ते असे का, हा प्रश्न त्याच्याकडून कोणी क्वचितच करवून घेतो.

आपल्या पूर्वजांपुढेही हा 'का' होताच. १३९६ पासून दख्खनेत पडलेल्या दीर्घ दुष्काळाला लोकांनी 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हटले. संकटाला देवतेचे नाव दिले की ते सोसण्याचे बळ येते, हे खरे. परंतु शोध मात्र तेथेच थांबतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा लोकांनी वेगळे विचारले: दोष पावसाचा, की अपुऱ्या बांधात पाणी साठविणाऱ्यांचा? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले, सुमारे दीडशे माणसे दगावली. तेव्हाही पावसाबरोबर डोंगरउताराच्या मोडतोडीची चर्चा झाली. दैवाकडून कारणाकडे आलेली ही वाट मोठी आहे, आणि प्रत्येक पिढीला ती नव्याने चालावी लागते.

ती कशी चालवावी? मॅथ्यू लिपमन यांनी १९७४ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे मुलांच्या तत्त्वचिंतनासाठी संस्था काढली. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये, मुलांनीच एकमेकांची कारणे तपासावीत, ही तिची रीत. यमाच्या दारी प्रश्न घेऊन बसलेला नचिकेता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती परकी वाटू नये.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. लोणावळ्याच्या वर्गात विचारून पाहावे: हा अपराध पावसाचा का? कोणी 'हो' म्हणेल. दुसरा म्हणेल, पाऊस तर दरवर्षीच पडतो. तिसरा विचारील, आपल्या डोक्यावर पाऊस नसता पाणी वाढले कसे? मग वरच्या डोंगराकडे बोट जाईल. एखादी मुलगी म्हणेल, हवामान बदलले. तिला विचारावे, एका दिवसावरून हे ठरते का? नाही, त्यासाठी निदान तीस वर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतात. मात्र हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार सरी अधिक जोरकस होतात, हेही तिला सांगावे. माहितीवाचून चर्चा म्हणजे नुसती बडबड होय.

पाटीवर 'पाण्यात उतरू नये' असे लिहिलेले असतेच. ज्याने त्याचे कारण स्वतः शोधले, तो पाटी नसलेल्या ओढ्याकाठीही थांबेल, आणि सोबतच्यांनाही थांबवील.