स्टुका आणि टोब्रुकचे मराठे

दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी निघाल्या की आम्ही लंडन, स्टालिनग्राड, हिरोशिमा यांची नावे घेतो. टोब्रुकचे नाव सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक २० जून १९४२ रोजी लिबियातील या बंदराच्या आग्नेय आघाडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण उभी होती, आणि मराठा पलटणींची भरती आमच्याच साताऱ्याकडच्या खेड्यांतून होत आलेली.

त्या पहाटे त्यांच्यावर तुटून पडले ते युंकर्स ८७, ऊर्फ स्टुका. हेर्मान पोलमानने आखलेले हे विमान १९३५ साली प्रथम उडाले. गंमत अशी की, त्या पहिल्या नमुन्याला इंजिन होते इंग्रजांच्या रोल्स-रॉइसचे! पंख मुळाशी खाली वाकून टोकांकडे वर वळलेले, चाके कायमची बाहेर. वैमानिक जवळजवळ उभा सूर मारी. वेग आवरायला पंखांखाली पट्ट्या असत. विमान वर वळताना वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, म्हणून नाक आपोआप वर उचलण्याची योजना केलेली. कित्येक विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर भोंगेही बसवले होते. बाँब पडण्यापूर्वीच माणसाचे काळीज फाटावे, हा त्यांचा हेतू.

पण हा राक्षस मंद होता. १९४० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडवर लढाऊ विमानांनी त्याची अशी दाणादाण उडवली की, त्याला तेथून मागे घ्यावे लागले. आमच्या मते स्टुकाचे खरे बळ यंत्रात नव्हते, ते मोकळ्या आभाळात होते. टोब्रुकला ते त्याला मिळाले. जवळचे विमानतळ इंग्रजांच्या हातून गेले होते. रणगाडे अडवणारा खंदक जागोजागी वाळूने बुजला होता. पूर्वी पेरलेले पुष्कळ सुरुंग उकरून गझालाच्या फळीकडे नेले होते. बाँबवर्षावापाठोपाठ रणगाडे मराठ्यांच्या फळीतून आत घुसले. दुसऱ्या दिवशी जनरल क्लॉपरने शरणागती दिली. सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. याचा दोष खंदकातल्या शिपायाच्या माथी मारणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

ही बातमी चर्चिलना वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टांच्या समोर कळली. आमच्याकडे तीनच महिन्यांत आणखी एक आघाडी उघडली. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला; तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि माणसे पडली. ज्या सरकारसाठी या मुलखातले शिपाई टोब्रुकला कैद झाले, गोळी त्याच सरकारची होती.