धुरके, प्रकाशरासायनिक

बाष्पनशील कार्बनी संयुगे व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन शहरी हवेत निर्माण होणारे प्रदूषण. ओझोन हा त्याचा मुख्य घटक. तो धुराड्यातून किंवा वाहनातून बाहेर पडत नाही, हवेतच तयार होतो. म्हणून भर उन्हात, दुपारी त्याचे प्रमाण सर्वाधिक असते.

इतिहास : १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस अँजेल्समध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले. प्रथम कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तो काही काळ बंद ठेवूनही धुरके हटले नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादद्रव्यांवर काम करीत. त्याच तंत्राने त्यांनी शहराची हवा थंड करून तिच्यातील द्रव्ये गोळा केली. पेट्रोलची वाफ व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांच्या मिश्रणावर प्रकाश पडला की ओझोन तयार होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले (१९५२). मापनाची त्यांची रीत विशेष उल्लेखनीय आहे. रबराची पट्टी वाकवून, ताणलेल्या स्थितीत हवेत ठेवायची आणि तिच्यावर पहिली चीर किती मिनिटांत पडते ते पाहायचे. ओझोन जितका अधिक, तितकी चीर लवकर. महागड्या उपकरणांवाचून ओझोनचा माग काढणाऱ्या या चाचणीला धुरक्याच्या अभ्यासात मानाचे स्थान द्यायला हवे. तेल उद्योगाने या निष्कर्षांना प्रारंभी आक्षेप घेतला.

रसायन : प्रकाशाने नायट्रोजन डाय-ऑक्साइडमधून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो व हवेतील ऑक्सिजनाशी जोडला जाऊन ओझोन बनतो. मागे उरलेले नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन टाकते. त्यामुळे एवढ्यावर ओझोन साचत नाही. बाष्पनशील संयुगे हा तोल मोडतात. हायड्रॉक्सिल मूलकाशी त्यांची विक्रिया होऊन पेरॉक्सी मूलके बनतात आणि ही मूलके ओझोन न खर्चता नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा डाय-ऑक्साइड करतात.

उगम : बाष्पनशील संयुगे पेट्रोल, रंग, द्रावके, सुगंधी प्रसाधने यांतून येतात. झाडांतून येणारे आयसोप्रीनही पुष्कळ क्रियाशील असते.

नियंत्रण : आधी कोणता घटक कमी करावा, याचे उत्तर शहरागणिक बदलते. जिथे संयुगे अपुरी व नायट्रोजनाची ऑक्साइडे विपुल, तिथे केवळ ऑक्साइडे घटवल्यास ओझोन वाढू शकतो. लॉस अँजेल्समध्ये वाहतूक कमी असलेल्या सुट्टीच्या दिवशी असे आढळले आहे.

भारत : २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची ८ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे.