पन्नी, विद्यापीठ आणि वेचणारे हात



विद्यापीठाच्या आवारातून पन्नी कशी हद्दपार करावी, हा प्रश्न आज जो तो विचारतो. मी कामगारांत वावरणारा माणूस. शाळा माझी लवकर सुटली. म्हणून मी निराळे विचारतो : ती पन्नी आजवर उचलीत कोण आले?

पन्नीचे वय फार नाही. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडातील एका प्रयोगशाळेत अवचित हाती लागले. धरायला मूठ असलेल्या पिशवीचे पेटंट एका स्वीडिश कंपनीस १९६५ साली मिळाले. १९२३ साली स्थापन झालेले आपले नागपूर विद्यापीठ तिच्याहून ४२ वर्षांनी थोरले! म्हणजे पन्नीवाचून विद्यादान अडत नव्हते.

पुढे बंदीचे हुकूम निघाले. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारची अधिसूचना आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरला. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिक आवारात नको, असे विद्यापीठांस कळविले. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही काही वस्तूंवर बंदी आली. हुकुमांत वस्तूंची यादी होती. वेचणारीची आठवण मात्र एका विद्यापीठाला फार आधी झाली होती.

ते म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेले महिला विद्यापीठ. १९९० च्या सुमारास त्याच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांना अक्षरे शिकवावयास गेल्या, आणि स्वतःच शिकून आल्या. खरकट्यात माखलेल्या प्लास्टिकला भाव नाही. तेच घरातून कोरडे, वेगळे मिळाले तर दोन पैसे अधिक येतात आणि हातही कापत नाहीत. एवढे उमगताच अक्षरांच्या जोडीला ओळखपत्र आले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमालांची पंचायत बांधणाऱ्या बाबांनी वेचणारीलाही कामगार म्हटले, हे माझ्या मते त्या घटनेचे मर्म होय. पुढे २००८ साली या बायांच्या ‘स्वच्छ’ संस्थेशी पुणे महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

आता आपल्या गावी या. एका महाविद्यालयात प्लास्टिकविरोधी सप्ताहाला मी गेलो होतो. आत भाषणे चालली होती, आणि फाटकावर चौकीदार पोतेवालीला हाकलीत होता. संध्याकाळी भाषणाच्या मांडवातल्या बाटल्या उष्ट्या अन्नासह एकाच गाडीत पडल्या. त्या भांडेवाडीच्या ढिगावर गेल्या असतील. कबाड्याकडे खास नाही.

कोणी म्हणेल, प्लास्टिक घटले तर त्या बाईची भाकरी घटेल. शंका रास्त आहे. पण चहाचे कप, चकचकीत वेष्टने, पातळ पन्न्या यांना कबाडी विचारीत नाही. त्या उचलणे म्हणजे फुकटची वेठ. तेव्हा उपाहारगृहात स्टीलचे पेले आणावेत, माठ भरावेत. ज्याला भाव आहे ते कोरडे ठेवावे, त्यावर वेचणारीचा हक्क मानावा, आणि झाडणाऱ्याला रीतसर मजुरी द्यावी.

२००५ सालापासून आपले विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लावते. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अख्खा अध्याय आहे. तो वाचण्याची पहिली बैठक भरेल तेव्हा पोतेवालीला फाटकातून आत घ्या, आणि बसावयास खुर्ची द्या. आवार कोठे तुंबते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.